मॅन्युअल कोणाकडून लिहून घ्यावं: सर्व्हिसवाला की भाषेचा माणूस?

जळगावकडचे ठिबकचे फिल्टर बनवणारे छोटे कारखानदार मॅन्युअलचा विषय माल पॅक व्हायला लागल्यावर काढतात. मग दोनच नावं पुढे येतात: आपला सर्व्हिसवाला, नाहीतर मराठीत एमए झालेलं ओळखीचं कोणीतरी.

सर्व्हिसवाल्याने रावेर-यावलच्या केळीबागांत तुंबलेले ड्रिपर स्वतः खोललेले असतात. मीटरवर दाबाचा फरक वाढला की सँड फिल्टर बॅकवॉशला (उलट्या प्रवाहाने धुवायला) आलाय, हे त्याला सांगावं लागत नाही. अडचण तिथेच आहे. हाताच्या सवयीचं झालेलं कागदावर यायचं राहतं. ‘बॅकवॉश करून घ्यावा’ एवढं लिहून तो मोकळा. कोणता व्हॉल्व्ह आधी, बाहेरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं की नाही, सगळं गाळलेलं.

भाषेचा माणूस नेमकं हेच विचारतो, कारण त्याला ते माहीतच नसतं. शिवाय तो वाक्यं तोडतो: एका वाक्यात एकच कृती. विमान उद्योगाच्या एएसडी-एसटीई१०० या इंग्रजी लेखन-नियमावलीत सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत तर त्याहून कमीत भागतं. पण ॲसिड ट्रीटमेंटच्या (ड्रिपरमधले क्षार ॲसिडने काढायच्या) पानावर त्याचं अज्ञान महागात पडू शकतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि हा इशारा कृतीच्या आधी हवा. वाक्य सफाईदार करायच्या नादात त्याने ‘दोन्ही एकत्र करा’ लिहिलं, तर शेतकऱ्याच्या डोळ्यांवर बेतेल.

चित्रं आणि मांडणी बाहेरून करून घेता येतात, त्यावरून निवड करू नका.

माझा कौल भाषेच्या माणसाला, पण एका अटीवर: सर्व्हिसवाल्याने त्याच्याजवळ बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि शेवटची तपासणी त्यानेच करायची. सीझनमध्ये सर्व्हिसवाल्याला तेवढी फुरसत नसेल, तर त्याच्याकडूनच लिहून घ्या. मॅन्युअल रुक्ष होईल, होऊ दे.

ठरवण्याआधी दोघांना एकेक पान लिहायला लावा: स्क्रीन फिल्टरची सफाई. फिल्टर कधीच न उघडलेल्या सालदाराला ते द्या आणि तुम्ही गप्प उभे राहा. ‘आते काय करू?’ असं तो जिथे विचारेल तिथे खूण करा. पंप बंद करून दाब शून्यावर येण्याआधीच तो झाकणाला हात घालू लागला, तर त्याला थांबवा. ते पान नापास. खुणा पाहून जो सालदारालाच नावं ठेवेल, त्याला काम देऊ नका.