भाडे थेट घरमालकाकडे: ब्रिटनमधील सेवेविषयी माझे मत

ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य) घेणाऱ्या भाडेकरूला मिळणारी घरभाड्याची मदत एरवी त्याच्याच खात्यात जमा होते. मात्र दोन महिन्यांचे भाडे थकल्यास खासगी घरमालक ती थेट स्वतःकडे मागू शकतो. इंग्लंडच्या लेस्टर शहरातील एका लहान फ्लॅटचा मालक म्हणून मी ही सेवा वापरली आणि ती मला उपयुक्त वाटली. अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि मंजुरीनंतर रक्कम दरमहा येत असल्याने भाडेकरूकडे तगादा लावावा लागत नाही.

माझा आक्षेप दोन महिन्यांच्या अटीला आहे. नव्या अर्जदाराला पहिली रक्कम मिळायलाच साधारण पाच आठवडे लागतात. त्यामुळे दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या माझ्या भाडेकरूसारख्या व्यक्तीवर, तिने भाडे थेट वळवण्याची इच्छा आधीच बोलून दाखवली असूनही, कर्ज साचत जाते. व्यसन किंवा बेघर होण्याचा धोका अशा कारणांसाठी अट शिथिल होऊ शकते, पण इंग्लंडमध्ये केवळ इच्छा पुरेशी ठरत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र 2017 पासून भाडेकरूला हा पर्याय स्वतः निवडता येतो, आणि तीच पद्धत मला न्याय्य वाटते.

घरमालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मदतीला त्या भागासाठी सरकारने ठरवलेल्या भाडेदराची मर्यादा असल्याने ती पूर्ण भाड्याइतकी असेलच असे नाही, आणि भाडेकरूची कमाई वाढली की ती घटू शकते, उरलेली रक्कम भाडेकरूकडूनच घ्यावी लागते.