केईएम की धर्मादाय खाट?

शेजारच्या एका तरुणाचा प्रश्न: घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलाच्या हृदयाला छिद्र आहे. परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात न्यायचं, की ट्रस्टच्या एखाद्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठीची राखीव खाट मागायची?

पैशांचं म्हणाल तर केईएममध्ये केसपेपर अगदी स्वस्त, पण काही औषधं आणि तपासण्या बाहेरून कराव्या लागू शकतात. धर्मादाय रुग्णालयाचा फलक पाहूनच गरीब माणूस मागे फिरतो, याचं फार वाईट वाटतं. कारण उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार तिथल्या 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. हा उपकार नव्हे, हक्क आहे.

कागदपत्रांचा त्रास मात्र धर्मादाय रुग्णालयात जास्त. रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाताशी ठेवा. ‘खाट रिकामी नाही’ म्हणाले तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. तरीही दाद लागली नाही तर वरळीचं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. मुलाची तब्येत अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करून घेणं धर्मादाय रुग्णालयाला बंधनकारक आहे.

वेळेचं सांगायचं तर केईएममध्ये रांग मोठी, पण सहसा कुणाला परत पाठवत नाहीत.

निदानच व्हायचं असेल, दाखला नसेल, तर केईएम. शस्त्रक्रिया ठरली असेल आणि सोबत धावपळ करणारं कुणी असेल, तर धर्मादाय खाट. मावशींना रोजगार बुडवून खेटे घालायला लावू नका. दाखल्याच्या रांगेत तुम्ही उभे राहा.