शून्य व्यवहारांचा बोलीदार: बाबांची तिकिटं लिलावात विकताना आलेला दहा महिन्यांचा अनुभव

बाबांनी पन्नास वर्षं जमवलेली पोस्टाची तिकिटं गेले दहा महिने मी ऑनलाइन लिलावात विकते आहे. आतापर्यंत एकशे चाळीसच्या आसपास लॉट (एका बोलीला एकत्र लावलेली तिकिटं) गेले. फोटो काढणं, तिकीट दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बसवणं, स्पीड पोस्टाची रांग हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडलं. झोप उडवली ती एकाच प्रश्नानं. ज्याच्या नावापुढे शून्य व्यवहार दिसतात असा माणूस बोली लावतो, तेव्हा त्याला राहू द्यायचं की काढायचं?

मी जिथे विकते तिथे विक्रेत्याला दोन सोयी आहेत. नव्या खात्याच्या बोलीवर रकमेची मर्यादा घालता येते, आणि नको वाटलेली बोली कारण देऊन रद्दही करता येते. पहिले दोन महिने मी दोन्ही सढळ हातानं वापरल्या. शून्य दिसलं की रद्द, एवढंच.

त्यातच गांधीजींच्या तिकिटांचा लिलाव आला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेला हा चार तिकिटांचा संच: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कुर्वाझिए छापखान्यातली. बाबांकडे पहिली तीन कोरी होती आणि दहा रुपयांचं शिक्का पडलेलं, म्हणून दोन वेगळे लॉट केले. तीन तिकिटांच्या लॉटवर एका शून्यवाल्या खात्यानं दोनदा बोली लावली, मी दोनदा काढली. त्यांचा निरोप आला, "ताई, माझी बोली का काढली? पैसे लिलाव संपल्या संपल्या पाठवतो." मी उत्तरही दिलं नाही. लॉट साठ व्यवहार आणि पाच तारे असलेल्या माणसाला गेला. मी चारदा आठवण केल्यावर त्यानं नवव्या दिवशी पैसे दिले, तेही पोस्टेज कापून. मग पहिल्या गृहस्थांचा पुन्हा निरोप: "पुढच्या वेळी सांभाळून घ्या. पस्तीस वर्षं पोस्टात नोकरी केली, खातं नातीनं परवाच उघडून दिलंय." तो वाचून मला खरोखर लाज वाटली.

ताऱ्यांवर आपण विसंबतो, पण खरेदीदाराच्या ताऱ्यांत असतं काय? ईबे या लिलावाच्या साइटनं एकमेकांना शेरे द्यायची पद्धत १९९६ साली सुरू केली आणि पुढे तीच सगळीकडे पसरली. पण २००८ पासून तिथे विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देताच येत नाही. आधी दोघंही एकमेकांच्या भीतीनं खरं लिहीत नसत, म्हणून तो बदल झाला, आणि तो मला पटतो. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा की खरेदीदाराचा आकडा मोठा असला तरी तो पैसे किती रखडवतो हे त्यातून कळत नाही. शिवाय दहा-दहा रुपयांच्या वीस वस्तू घेऊन वीस व्यवहार कुणालाही जमवता येतात.

तेव्हापासून मी आकड्याऐवजी प्रश्न बघायला लागले. दहा रुपयांच्या तिकिटाचा लॉट लागला, तेव्हा हा फरक लख्ख दिसला. या तिकिटाच्या नकला पुष्कळ फिरतात. एका नव्या खात्यावरून विचारणा आली, "पर्फोरेशन मोजून सांगाल का? आणि मागच्या बाजूचा फोटो दिवा तिरका धरून काढाल का, कागद कुठे पातळ झालाय का ते बघायचंय." पर्फोरेशन म्हणजे तिकिटाच्या कडेचे दाते. दोन सेंटिमीटरमध्ये ते किती बसतात हे मोजायचं असतं आणि या संचाचं माप साडेअकरा. बाबांची गेज पट्टी मी पहिल्यांदा त्या दिवशी हातात घेतली. टेबललॅम्प आडवा केला, तर डाव्या कोपऱ्यात नखाएवढा भाग खरंच विरळ दिसला. मला तो आधी दिसला नव्हता. मी तसं कळवलं, वर्णनात घातलं, आणि तरीही त्यांनी बोली लावली. ज्याला दोष माहीत करून घ्यायचा असतो, त्याला वस्तू हवी असते. पैसे बुडवणाऱ्यानं मला आजवर एकदाही वस्तूबद्दल प्रश्न विचारलेला नाही. ते पत्ता विचारतात, व्हॉट्सॲप नंबर मागतात, "फायनल किती" विचारतात.

त्याच लॉटवर दुसरं एक नवं खातं होतं. २०१७ साली सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असं वर छापलेल्या, गांधीजींच्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकीट-व्यापारी कंपनीनं पाच लाख पौंडांना विकली. ती जुनी बातमी अजून फिरत असते आणि ती वाचून लोक साध्या तिकिटावर तुटून पडतात. या माणसानं तासाभरात सात बोली लावल्या, त्यातल्या तीन तर स्वतःच्याच बोलीवर. त्याच तासात मोबाइल, कॅमेरा आणि चांदीच्या नाण्यावरही त्याची बोली होती. भाव २,६०० वरून ४,२०० वर गेला, तो जिंकला आणि गायब झाला. तीन दिवसांनी साइटनं आपणहून त्याच्या खालोखाल बोली असलेल्या, म्हणजे पर्फोरेशन विचारणाऱ्या गृहस्थांना, ते तिकीट ४,१०० ला देऊ केलं. हे मला अजिबात पटलं नाही. तो भाव त्या गायब माणसानं फुगवलेला होता. मी त्या गृहस्थांना कळवलं की त्याच्या बोली सोडून जो शेवटचा खरा भाव होता, त्या २,६५० ला घ्या. त्यांनी अर्ध्या तासात पैसे पाठवले. साइटनं ही सोय बदलावी असं मी दोनदा लिहून कळवलंय. नाहीतर विक्रेत्यानंच खोटा बोलीदार उभा केला असं खरेदीदाराला वाटणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

पैशांबाबत मात्र मी कुणालाही सूट देत नाही, जुन्यालाही नाही. एकदा एकानं आपण फौजी आहोत, ड्युटीवर आहोत, सामान न्यायला माणूस येईल असं सांगितलं आणि एक क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात पडतील." पैसे घेताना स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे ॲपमधून पैसे मागायची सोय, बंद केली ते बरं झालं, पण क्यूआरची फसवणूक सुरूच आहे. मी तो नंबर सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर कळवला. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट मी बघतच नाही. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच पाकीट चिकटवते. मोठ्या लॉटवर नवा बोलीदार असेल तर त्याला विचारून त्याच्या यूपीआयवर एक रुपया पाठवते. पाठवताना बँकेतलं नाव दिसतं, ते खात्यावरच्या नावाशी जुळलं की मन स्वस्थ होतं. नातीनं उघडलेल्या खात्याचं नाव जुळणार नाही हे उघड आहे. तिथे मी फोन करते. दोन मिनिटं तिकिटांवर बोलणं झालं की समोरचा कोण आहे ते पुरेसं कळतं.

आता रकमेची मर्यादा मी दोन हजारांवर ठेवली आहे. त्याखाली शून्यवाल्या कुणाचीही बोली काढत नाही. या आठ महिन्यांत तीस-पस्तीस नवी खाती आली, त्यातल्या चौघांनी पैसे दिले नाहीत. दर वेळी नुकसान झालं ते आठवड्याचं आणि पुन्हा लिलाव लावण्याच्या कंटाळ्याचं. तिकीट माझ्याकडेच होतं.

त्या पोस्टातल्या काकांना मी नंतर स्वतःहून निरोप पाठवला आणि माफी मागितली. गेल्या महिन्यात बाबांचं एक जुनं पाकीट लावलं होतं. वर साधं तिकीट, मागे पुसट शिक्का, किंमत अशी काहीच नाही. काकांनी एकट्यानंच बोली लावली, दीडशे रुपये. "रजिस्टर करा हं," म्हणाले. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक, पण तोंडातून शब्द तोच येतो. पाकीट पोचल्यावर त्यांचा फोन आला. मागचा शिक्का आर.एम.एस.चा (रेल्वे मेल सर्व्हिसचा) आहे, म्हणजे पत्राचं सॉर्टिंग रात्री चालत्या गाडीत, मेलच्या डब्यात झालेलं. "शिक्का मारताना डबा हलतो ना ताई, म्हणून तो असा फराटलाय," ते म्हणाले. बाबांनी ते पाकीट वेगळ्या प्लास्टिकमध्ये का ठेवलं होतं, ते मला तोवर माहीत नव्हतं.