स्लाइडशो पुढच्या लेव्हलला न्यायचाय? पॉवरपॉइंट की दाविंची रिझॉल्व्ह

फोटो लावले, गाणं टाकलं, फेड दिलं, इथपर्यंत सगळ्यांना जमतं, खरी गंमत त्याच्या पुढे आहे. पॉवरपॉइंटमध्ये आधी मॉर्फ शिका, म्हणजे एक स्लाइड हळूच दुसरीत बदलत नेणारं ट्रान्झिशन (2019 किंवा त्यानंतरचं, नाहीतर 365 व्हर्जन लागेल). स्लाइडची डुप्लिकेट काढायची, दुसऱ्या स्लाइडवर तोच फोटो मोठा करून आजीच्या चेहऱ्यावर आणायचा आणि त्या स्लाइडला मॉर्फ द्यायचं, की कॅमेरा हळूच जवळ गेल्यासारखं दिसतं, इतकं सुंदर दिसतं ना! एका संध्याकाळी येतं. पण गाण्याच्या ठेक्यावर फोटो बदलायचा असेल तर प्रत्येक स्लाइडची वेळ वेगळी जुळवत बसावं लागतं, 80 फोटोंना जीव जातो.

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम सोपं, कारण गाण्याची वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराचा आलेख) समोर दिसते, ठेका आला की कीबोर्डवरचं एम दाबून मार्कर म्हणजे खूण टाकायची आणि फोटो तिथे जोडायचा. झूम कीफ्रेमने, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी फोटो केवढा दिसायला हवा ते ठरवून द्यायचं. फ्री व्हर्जन पुरतं, फक्त लॅपटॉप दणकट हवा आणि पहिला आठवडा डोकं फिरतं.

पुढच्या रविवारी घरचा कार्यक्रम असेल तर पॉवरपॉइंटच घ्या, महिनाभर वेळ असेल तर मी रिझॉल्व्हच सांगेन.