स्ट्राइप की पॅडल?
सॉफ्टवेअर विकताना ऑनलाइन पैसे घ्यायला स्ट्राइप ही सेवा घेऊ की पॅडल, असा घोळ असेल तर आधी फी बघा. स्ट्राइपचा अमेरिकेतला नेहमीचा कार्ड रेट २.९ टक्के अधिक ३० सेंट, पॅडलचा ५ टक्के अधिक ५० सेंट, म्हणजे १० डॉलरच्या विक्रीत ५९ सेंट विरुद्ध सरळ १ डॉलर. महाग वाटतं ना? पण पॅडल कागदोपत्री स्वतःच विक्रेता असतं, त्यामुळे देशोदेशीचा व्हॅट (विक्रीवरचा कर) गोळा करून भरायची कटकट त्यांच्या गळ्यात, साध्या स्ट्राइपमध्ये ती जबाबदारी तुमचीच. कोडचं म्हणाल तर स्ट्राइप जास्त मोकळं, हवा तसा चेकआउट (पैसे भरायचं पान) बांधा. वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा तुमच्या सर्व्हरला आपोआप येणारा निरोप, मात्र दोन्हीकडे डबल येऊ शकतो, त्यातला इव्हेंट आयडी (निरोपाचा क्रमांक) आधी आलाय का ते तपासूनच गिऱ्हाइकाला लायसन्स की (सॉफ्टवेअर चालू करायचा कोड) पाठवा. एकटेच असाल आणि गिऱ्हाईक जगभर, तर पॅडल. एकाच देशात विकताय किंवा हाताशी अकाउंटंट आहे, तर स्ट्राइप.