५८५ कॅमचे पैसे दिले आणि मिळाला कमी केलेला स्लो

हार्ले चालवणाऱ्यांनी आणि सेकंड हँड घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी हे वाचाच, लांब आहे पण माझे १ लाख ८५ हजार गेलेत.

माझी स्ट्रीट बॉब, ट्विन कॅम ९६ इंजिन म्हणजे १५८५ सीसी. गाडी मस्त, तक्रार काहीच नव्हती, पण ग्रुपमधल्या एकाने एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) असं सगळं केलेलं आणि रविवारी वाईला मिसळ खायला गेलो की त्याची गाडी स्टँडवर उभी असताना पण धडधडत असायची आणि लोक माझी गाडी सोडून त्याच्या गाडीभोवती. झालं, डोक्यात किडा शिरला. महिनाभर रात्री जागून कॅमचे व्हिडिओ बघितले, त्यातून मला एवढंच कळलं की नंबर जेवढा मोठा तेवढा कॅम भारी. हे किती चुकीचं आहे ते पुढे सांगतो.

पुण्यातच एकजण भेटला, नाव लिहित नाही. स्वच्छ गॅरेज, भिंतीवर पाने ओळीने लावलेले, कॉफी विचारतात, आपल्याला सर सर करतात. मी म्हटलं एस अँड एस कंपनीचा ५१० नंबरचा कॅम टाकू का, तर हसला. "सर ५१० लेडीज कॅम आहे, तुम्ही ५८५ टाका, एकदाच खर्च करायचा." इथेच उठून यायला पाहिजे होतं खरंतर. नंतर कॅम ५८५, व्हॉल्व्ह स्प्रिंग, ॲडजस्टेबल पुशरॉड (कॅमचा धक्का वर व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या, लांबी बदलता येणाऱ्या काड्या), लिफ्टर, आतले बेअरिंग, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) आणि मजुरी असा कागद करून दिला, टोटल १,८५,०००. पक्कं बिल मागितलं तर म्हणे सर हे मॉडिफिकेशन आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं, बिल केलं तर तुम्ही पण अडकाल आणि मी पण. कलम खरंच आहे हो, गाडीत कंपनीपेक्षा वेगळे बदल करण्याबद्दलच आहे ते, म्हणून मी गप्प बसलो. खऱ्या कलमाच्या आडून बिल टाळलं साहेबांनी. पैसे यूपीआयने तीन हप्त्यात, तेही त्याच्या भावाच्या खात्यावर.

कॅम आले तेव्हा बोलावून बॉक्स माझ्यासमोर उघडला. दोन कॅम, तेल लावलेले, चकचकीत, मी फोटो पण काढले, एका फोटोत कॅमवर कोरलेला नंबर स्पष्ट दिसतो. आठ दिवसांनी गाडी मिळाली. स्टार्ट केली आणि अहाहा, तोच आवाज, पोटॅटो पोटॅटो, आरसे थरथरतायत, टाकी थरथरतेय, मला अक्षरशः भरून आलं. डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या मशीनचा चार्ट व्हॉट्सॲपवर आला, आधी ६८ हॉर्सपॉवर आणि नंतर ९२. मी तो स्टेटसला ठेवला (आता आठवलं की कानशिलं तापतात). जुने कॅम कुठे आहेत विचारलं तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेले सर. अरे स्प्लेंडरच्या क्लच प्लेट बदलल्या तरी आपण जुन्या मागून घेतो, फडक्यात गुंडाळून घरी आणतो आणि तीन वर्षं माळ्यावर ठेवतो, आणि इथे पावणेदोन लाखाच्या वर काम करून मला जुने कॅम मागायची लाज वाटली, कारण त्याने कॉफी पाजली होती.

पहिली शंका खंबाटकीत आली. माझ्या मित्राकडे सेम गाडी आहे, पूर्ण स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी, सायलेन्सर पण कंपनीचाच. घाट चढताना तो आरामात बाजूने निघून गेला आणि मी गिअर पाडतोय. म्हटलं माझं वजन जास्त आहे. मग पेट्रोल जास्त प्यायला लागली, प्लग काढले तर काजळी. फोन केला तर "कॅम सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात सर". असं काही नसतं, नव्या कॅम आणि लिफ्टरला सुरुवातीला थोडं जपावं लागतं ते ठीक, पण पॉवर काही हजार किलोमीटरनंतर उगवत नाही.

मग कोल्हापूरला मामाकडे गेलो होतो तेव्हा उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. मामांच्या ओळखीचे, आयुष्यभर बुलेट आणि लेथ, अलीकडे दोनचार हार्ले पण येतात त्यांच्याकडे. त्यांनी आधी गाडी ऐकली, मग एक डोळा बारीक करून विचारलं स्लो कुणी एवढा पाडलाय? लॅपटॉप जोडून बघितलं तर आयडल, म्हणजे स्लो, १००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास पाहिजे ते ७५० वर आणून ठेवलेलं, आणि मॅप उगाच रिच (पेट्रोल जास्त) केलेला. तो भरून आणणारा आवाज म्हणजे एवढंच होतं. वर आयडल इतकं खाली आणलं की गरम इंजिनात ऑइल प्रेशर पण पडतं, म्हणजे पैसे देऊन मी इंजिनची वाट लावत होतो.

मग मिस्त्री काकांनी साधा स्क्रूड्रायव्हर घेतला, थंड इंजिनवर पुशरॉड ट्यूबची क्लिप काढली आणि ट्यूब वर सरकवली. हे तुम्ही पण घरी बघू शकता, पाच मिनिटांचं काम आहे. ॲडजस्टेबल पुशरॉड असेल तर त्याच्यावर आटे आणि नट दिसतात. माझ्या गाडीत साधी सरळ नळी, कंपनीची. दुसरी ट्यूब, तिसरी, चौथी, तेच. मग कॅम कव्हरच्या बोल्टवर बोट फिरवत म्हणाले, "भावा, ह्ये कव्हर कंपनीनं लावल्यापासनं कुणी उघडल्यालंच न्हाई." वरच्या रॉकर कव्हरचं पण तेच, म्हणजे व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलायचा प्रश्नच नाही, कारण ते कव्हर उघडल्याशिवाय स्प्रिंगपर्यंत हात पोचत नाही.

तरी मला खात्री करायची होती, म्हटलं खोला. दोन दिवस लागले. कॅम बाहेर आले, माझ्या फोटोतला नंबर त्यावर कुठेच नाही. काकांनी व्हर्नियर काढला आणि मला शाळेतल्या पोरासारखं शिकवलं. कॅमच्या लोबचं (अंड्यासारखा उंचवटा) नाकापासून पाठीपर्यंत एक माप घ्यायचं, आडवं दुसरं माप घ्यायचं, वजाबाकी केली की लोबची लिफ्ट येते, आणि ट्विन कॅममध्ये रॉकरचा (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) रेशो १.६२५ आहे, म्हणून त्याने गुणलं की व्हॉल्व्ह किती उघडतो ते कळतं. ५८५ म्हणजे व्हॉल्व्ह ०.५८५ इंच उघडणार, साधारण १५ मिमी, म्हणजे लोबवर ९ मिमीच्या वर मिळायला हवं. मिळालं ७.४. स्टॉक कॅम, माझाच, कुठे गेलाच नव्हता. तो बॉक्स कुणाकुणाला दाखवून झाला असेल देव जाणे.

चार्ट पण काकांच्या मुलाने एका नजरेत पकडला. हॉर्सपॉवर आणि फूट-पाउंड टॉर्क एकाच स्केलवर काढले की दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना कापतात, कारण हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ५२५२, गाडी कुठलीही असो. माझ्या चार्टवर त्या ४४०० ला कापत होत्या. (टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये असेल तर हा नियम लावू नका, तिथे आकडा वेगळा येतो. माझ्यावर स्पष्ट फूट-पाउंड लिहिलेलं होतं.) म्हणजे कुणीतरी बसून चित्र काढलं होतं.

आता गंमत ऐका. काका म्हणाले बरं झालं चोर निघाला, खरंच ५८५ बसवला असता तर जास्त रडला असतास. नुसती लिफ्ट बघून कॅम घ्यायचाच नाही, इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो ते आधी बघायचं. पिस्टन खालून वर निघाला तरी व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो, मोठ्या कॅममध्ये जास्त वेळ, त्यामुळे हळू चालवताना भरलेली हवाच परत मागे ढकलली जाते. वरच्या आरपीएमला त्याचाच फायदा होतो, पण त्यासाठी कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती पट दाबतो ते) वाढवावं लागतं, आणि ९६ इंजिनचं कंपनीचं कॉम्प्रेशन ९.२ च आहे. आपण चालवतो कुठे, तर कात्रज, नवले पूल, चांदणी चौक, दोन ते तीन हजार आरपीएममध्ये. तिथे लवकर बंद होणारा, स्टॉक स्प्रिंगवर चालणारा छोटा कॅमच बरा. म्हणजे तो "लेडीज" ५१० च.

त्याला फोन केला तर आधी म्हणाला पोरांनी चूक केली असेल, गाडी आणा बघतो, मग म्हणाला कोल्हापूरवाल्यानेच कॅम बदलून घेतले असतील, मग ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पहिला प्रश्न बिल आहे का. वकील मित्र म्हणतो चॅट, यूपीआयच्या नोंदी आणि तो हाताने लिहिलेला कागद घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, दोन वर्षांची मुदत असते. नोटीस पाठवलीय, उत्तर नाही अजून. काकांनी खोलायचे, गॅस्केटचे आणि ओ-रिंगचे मिळून घेतले तेवढे घेतले, प्रत्येक जुनी ओ-रिंग सुद्धा पिशवीत घालून परत दिली.

गाडी आता स्टॉक कॅमवरच आहे, आयडल परत १००० वर. मला ब्लॉक केलंय, पण मित्राच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसतं. परवाच परत टाकलाय, माझ्याच गाडीचा आयडलचा व्हिडिओ, खाली लिहिलंय ५८५ कॅम, स्लॉट मर्यादित. टाकीवरचा माझा डेंट स्पष्ट दिसतोय त्यात.