लिव्हरमधली किडीची गाठ: गोळ्या, सुई, ऑपरेशन की थेट ट्रान्सप्लांट?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘हायडॅटिड सिस्ट’, म्हणजे किडीची गाठ, दिसलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, आता लिव्हर बदलावं लागणार. मराठवाड्यातल्या बहुतेक पेशंटना ती वेळ येत नाही. आधी कीड कोणती, ते बघा.

आपल्याकडची गाठ कुत्र्याच्या आतड्यातल्या पट्टकृमीची. खाटकाच्या ओट्यावर कलेजीत पांढरट, पाण्याने भरलेले फुगे निघाले की तो तुकडा कुत्र्यापुढे फेकतात. रोगाचं चाक तिथेच फिरतं. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हातातून, भाजीतून माणसाच्या पोटात जातात. ही गाठ पिशवीसारखी, कडा ठळक. दुसरी जात अल्व्हिओलर. ती कोल्ह्यांकडून येते आणि युरोप, मध्य आशिया, चीनच्या थंड मुलखात सापडते; भारतात क्वचित. ती कॅन्सरसारखी लिव्हरभर पसरते. ट्रान्सप्लांटची चर्चा मुख्यतः हिच्यासाठी.

पिशवीची गाठ ५ सेंमीच्या आत आणि एकाच कप्प्याची असेल, तर बऱ्याचदा अल्बेंडाझोल या कीडनाशक गोळीवर भागतं. गोळी तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्या, तरच अंगी लागते. अधूनमधून रक्ताची आणि लिव्हरची तपासणी हवीच. गरोदर बाईने ही गोळी परस्पर घेऊ नये. तशीच गाठ ५ ते १० सेंमीची असेल तर गोळ्या चालू ठेवून सुईने पाणी ओढतात, कीड मारणारं औषध सोडतात, पुन्हा ओढतात. हे कुठल्याही दवाखान्यात करून घेऊ नका. पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, त्यामुळे भूलतज्ज्ञ हाताशी हवा. आत पिल्लागाठी भरल्या असतील किंवा गाठ पित्तनळीत फुटली असेल, तर ऑपरेशन. चुना धरलेल्या, मेलेल्या गाठीला नुसती सोनोग्राफीची नजर पुरते.

अल्व्हिओलरमध्ये रोगट भाग पूर्ण कापता येत असेल तर तेच पहिलं, आणि पुढे निदान २ वर्षं अल्बेंडाझोल. कापता येत नसेल तर गोळ्या जन्मभर. त्यावरही माणसं वर्षानुवर्षं चालती-फिरती राहतात. म्हणून पित्तनळ्या तुंबून कावीळ आणि ताप वारंवार येतो, लिव्हर हात टेकतं, तेव्हाच ट्रान्सप्लांटचं नाव काढावं असं माझं मत.

त्यातही दोन वाटा. दुसऱ्याचं लिव्हर बसवणं १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झालं. त्यात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या लागतात, आणि नेमक्या त्यांच्यामुळे अंगात उरलेली कीड पुन्हा फोफावते. दुसरी वाट चीनमधल्या शिंजियांगची, २०१० पासूनची: लिव्हर बाहेर काढून किडका भाग कापायचा आणि चांगला भाग त्याच माणसाला परत बसवायचा. दाता नको, त्या गोळ्याही नकोत. पण चांगला भाग पुरेसा उरायला हवा, ऑपरेशन फार लांबतं आणि ते करणारे हात मोजके. भाग पुरेसा असेल आणि तसा सर्जन मिळत असेल तर मी आधी हीच वाट विचारेन.

दाता लागणारच असेल तर मेंदूमृत दात्याच्या लिव्हरसाठी थांबलेल्या पेशंटची मराठवाड्याची यादी छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. जवळच्या नात्यातला जिवंत दाता कायद्यात बसतो. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद जवळ पडतं, बाकीच्यांना पुणे-मुंबई. ऑपरेशननंतरच्या रक्ततपासण्यांसाठी महिनोन्‌महिने तिथे खेपा कोण घालणार, हे भावाने लिव्हर द्यायचं कबूल करण्याआधीच घरात ठरवा.